लोहगावच्या धावपट्टीची गोष्ट आपणच लिहून ठेवू या

१९४२ साली लोहगाव, धानोरी, वडगाव शेरीच्या शिवारात गुरं राखता राखता डोक्यावरची विमानं बघणारी पोरं आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. त्यांतली थोडीच उरली आहेत. ज्यांना सगळं लख्ख आठवतं, अशी त्याहून थोडी. आणि बहुतेकांना आपण अजून काही विचारलेलंच नाही.

आपण पुणेकर इतिहासावरून वाद घालायला सदा तयार. शनिवारवाड्याच्या एकेका दगडाबद्दल आपल्याला मत असतं. पण ज्या धावपट्टीवरून आपण दिल्लीला नि बंगळूरला जातो, तिच्याशी आपलं नातं रांग, पार्किंग आणि विमानाला झालेला उशीर एवढंच. लोहगाव म्हटलं की तुकोबांचं आजोळ आठवतं, ते योग्यच. त्याच मातीत गेल्या शतकातला एक मोठा अध्याय घडला, तो मात्र आपल्या बोलण्यात येत नाही.

तेव्हा आधी तो अध्याय.

लोहगावचा हा हवाई तळ उभा राहिला १९३९ साली, मुंबईला हवाई संरक्षण देण्यासाठी. ब्रिटिशांचं रॉयल एअर फोर्स इथे आलं, जमिनी घेतल्या गेल्या. पुढे जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि युद्ध भारताच्या दारात आलं. स्पिटफायर, मॉस्किटो, वेलिंग्टन, लिबरेटर अशी त्या युद्धातली नामांकित विमानं या तळाने पाहिली.

याच काळात इथून चार-पाच किलोमीटरवर, आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजी कैदेत होते. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४. महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच गेल्या. एकाच नगर रस्त्याच्या परिसरात एकीकडे साम्राज्याचा लष्करी तळ आणि दुसरीकडे त्या साम्राज्याला ‘चले जाव’ म्हणणारा कैदी. पुण्याचा इतिहास शिकवताना या दोन गोष्टी शेजारी ठेवून आपण कधी पाहिल्या आहेत का?

१९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला. त्यानंतरची लिबरेटर विमानांची कथा तर प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. अमेरिकेने ब्रिटिशांना दिलेली ही अवजड बॉम्बफेकी विमानं युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून देण्यात आली होती. पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून मोडतोडही झाली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातल्या लोकांनी एकाचे भाग दुसऱ्याला जोडत त्यातली चाळीसेक विमानं उडवून दाखवली! स्वतंत्र भारताला जड बॉम्बफेकी विमानं मिळाली ती अशी, भंगारातून. त्यांच्या तुकड्या पुण्यालाही होत्या. पुढे समुद्रावर टेहळणी करत ही विमानं १९६८ पर्यंत राबली.

मग आली जेटवर चालणारी कॅनबेरा. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमानं निघाली, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली. लक्ष्य होतं तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यातली दाभोळीची धावपट्टी. आदेश असा की धावपट्टी निकामी करा, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नका. तसंच झालं. त्याच दिवशी बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. या हवाई कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. आज आपण पुण्याहून तासाभरात गोव्याला उतरतो आणि समुद्रकिनारा गाठतो. त्या वाटेवरून आधी कोण गेलं होतं, हे प्रवासात मुलांना सांगायला काय हरकत आहे?

१९९७ मध्ये लोहगावला सुखोई लढाऊ विमानं आली. तो भाग अलीकडचा, त्याच्या बातम्या आणि छायाचित्रं उपलब्ध आहेत. धोक्यात आहे ते त्याआधीचं.

तुकड्यांच्या हालचाली, उड्डाणांच्या नोंदी, अधिकाऱ्यांची नावं हे सरकारी कागदांत राहतं. पण कुंपणाच्या या बाजूचं काय? जमीन गेली तेव्हा घरात काय बोलणं झालं? मोबदला किती मिळाला? धावपट्टीवर खडी फोडायला, गवत काढायला कोण जायचं? गोऱ्या सैनिकांना दूध, भाजी, अंडी कोण पुरवायचं? कॅनबेरांची इंजिनं रात्रभर सज्ज ठेवणाऱ्या तंत्रज्ञाने घरी काय सांगितलं होतं, की काहीच सांगितलं नव्हतं? १९६१ मध्ये पंचविशीत असलेला तो माणूसही आता नव्वदीच्या घरात आहे. आणि निवृत्तीनंतर पुण्यातच स्थायिक झालेली अशी हवाई दलाची माणसं आपल्या सोसायट्यांमध्ये, सकाळच्या फिरण्यात रोज भेटतात.

विमाननगर वसलं, कळस-धानोरीत इमारती उठल्या, जुनी घरं पडताहेत. घर पाडताना माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. तिच्यात भूसंपादनाची नोटीस असते, तळावर कामाला जाण्याचा पास असतो, विमानासमोर उभ्या आजोबांचा फोटो असतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. हे मोलाचं आहे, असं कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

तर आपण सांगू या. आणि कामाला लागू या.

घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांसमोर बसा आणि मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा. परवानगी आधी घ्या. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं तर माणूस गप्प होतो. नेमकं विचारा: पहिलं विमान कुठून पाहिलं? दिव्यांना काळे कागद कधी लावले? आपलं शेत कुठवर होतं? एकाला दुसऱ्याच्या शेजारी बसवलं तर आणखी बरं. ‘छे, तसं नव्हतं’ म्हणत दोघं वाद घालतात आणि त्यातून खरी माहिती बाहेर येते.

फोटोंची नावं आत्ताच लिहून घ्या. मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने. लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा खराब होतो. जुने सातबारा, फेरफार, नोटिसा स्कॅन करा आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा. गावातल्या किंवा शाळेतल्या ग्रंथालयाला एक संच द्या.

शिक्षकांनी मुलांना खडकीच्या युद्धस्मशानभूमीत न्यावं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या समाधी तिथे आहेत. हवाई दलाचं चिन्ह असलेल्या शिळा मुलं शोधतील, वयं वाचतील, आणि प्रश्न आपोआप येतील. लंडनमधल्या मराठी मंडळींनाही एक विनंती आहे. क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात रॉयल एअर फोर्सच्या तुकड्यांच्या दैनंदिन नोंदवह्या आहेत. एखादा शनिवार त्यातल्या ‘पूना’साठी द्या.

एक पथ्य मात्र सगळ्यांनी पाळायचं. हा आजही कार्यरत लष्करी तळ आहे. भिंतीवरून फोटो, ड्रोन, आतल्या रचनेचे नकाशे यातलं काही नको. आपल्याला त्याची गरजही नाही. आपल्याला हवं आहे ते कुंपणाबाहेरच्या घरांमध्ये आहे.

या सुट्टीत लोहगाव-धानोरीच्या मंडळांनी, सोसायट्यांनी एक संध्याकाळ ठरवावी. ज्येष्ठांना पुढच्या रांगेत बसवावं, तरुणांनी रेकॉर्डिंग सांभाळावं, ज्यांच्याकडे स्कॅनर असेल त्यांनी तो घेऊन यावा. चहाची सोय कोण करतंय, तेवढं आजच ठरवून टाका.