पत्त्यांना स्वभाव नसतो

टॅरोचे पत्ते आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावरून ते जालन्यासारख्या सळई-बियाण्यांच्या बाजारपेठेतल्या घरांतही पोचले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक समजूतही आली आहे. पत्त्यांच्या प्रत्येक कॅटला म्हणे स्वतःची ऊर्जा असते, स्वभाव असतो. एखादा कॅट मायाळू, एखादा फटकळ. परक्याचा हात लागला की तो बिघडतो. मग त्याला धूप दाखवायचा, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवायचा, रेशमी कापडात गुंडाळायचा.

या समजुतीची टर उडवली म्हणजे तिला उत्तर दिलं असं होत नाही. आधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेतला पाहिजे. त्याचे मुद्दे तीन. नवा कॅट हाताला परका वाटतो, वापरता वापरता बोलू लागतो. एकच प्रश्न दोन कॅटांना विचारला तर उत्तरांचा सूर वेगळा लागतो. आणि तिसरा, सर्वांत भक्कम मुद्दा: धातूच्या मूर्तीत तुम्ही देव मानता, मग कागदातली शक्ती नाकारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

सुराचा मुद्दा आधी घेऊ. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो खेळ म्हणून. त्याच्यात प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान दडलं आहे, हा दावा आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये केला, आणि त्यामागे पुरावा नव्हता. म्हणजे तीनेकशे वर्षं लोक या पत्त्यांनी डाव मांडत होते. आज सर्वाधिक चालणारा 78 पत्त्यांचा कॅट 1909 मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. तिच्या आधी बहुतेक कॅटांतल्या साध्या पत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, नाणी मोजून मांडलेली असत. तिने तिथे माणसं आणली. तलवारींची तिरी घ्या: लाल हृदयात आरपार गेलेल्या तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. हा पत्ता समोर आला की पोटात धस्स होतं. ते धस्स करणारा सूर त्या बाईच्या हातातून उतरलेला आहे. दुसऱ्या चित्रकाराचा कॅट दुसऱ्या सुरात बोलतो, यात नवल ते काय? पण वर्षानुवर्षं या कॅटवर नाव राहिलं प्रकाशक रायडरचं आणि लेखक वेटचं. पामेला 1951 मध्ये हलाखीत गेली. कॅटला स्वभाव आहे असं म्हणताना आपण तो स्वभाव घडवणाऱ्या बाईचं श्रेय कागदाला देऊन टाकतो. मला हा नुसता भ्रम वाटत नाही, अन्याय वाटतो.

आता वापराचा मुद्दा. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य काढलेला कारागीर सांगतो की ही मशीन माझ्याच हाताला ऐकते. तो खोटं बोलत नाही. मशीन कुठे ढिली, कुठे अडते, कुठल्या आवाजाला हात आखडायचा, हे त्याच्या बोटांना पाठ झालेलं असतं. खंडेनवमीला तो तिला हळदकुंकू वाहतो, पण बेअरिंग गेलं तर मशीन रुसली म्हणून बसत नाही, बेअरिंग बदलतो. कॅटचंही तेच. पत्त्यांच्या कडा मऊ पडतात, पिसताना हात सरावतो, चित्रांशी आठवणी जोडल्या जातात. बदल झालेला असतो तो वाचणाऱ्यात.

याच मुद्द्याला जोडून येतो पत्ते अचूक बोलल्याचा अनुभव. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना त्यांचं स्वभावचित्र म्हणून एकेक कागद दिला आणि तो किती लागू पडतो याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली चाराच्या वर. कागदावरचा मजकूर मात्र सगळ्यांना एकच दिलेला होता! मोघम वाक्यात आपलं आयुष्य भरून घेण्याचं कसब माणसात उपजतच असतं.

आता मूर्तीचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही, कारण जालना जिल्ह्याने तो भोगलेला आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या राममंदिरातल्या पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या मूर्ती चोरीला गेल्या. गाव हळहळलं, विषय विधानसभेत गाजला, ऑक्टोबरअखेर पोलिसांनी आरोपी पकडले आणि मूर्ती हाती लागल्या. गाभाऱ्यात त्या देव होत्या, चोराच्या पिशवीत विकाऊ माल झाल्या, पोलिसांच्या पंचनाम्यात मुद्देमाल. धातू तोच, वजन तेच. शक्ती धातूत साठलेली असती तर चोराच्या पिशवीतही ती तशीच जाणवायला हवी होती. बदललं होतं ते मूर्तीभोवतीच्या माणसांचं तिच्याशी असलेलं नातं.

मूर्तीत प्राणप्रतिष्ठा केलेली असते, असं कोणी म्हणेल. पण त्या विधीकडेच नीट पाहा. गणेशचतुर्थीला आपण मातीत प्राण आवाहन करून आणतो. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, आणि देवाला निरोप मिळतो. आवाहन आपलं, निरोपही आपला. देवत्व मातीचा अंगभूत गुण आहे, असं विधीसुद्धा म्हणत नाही. जांबच्याच सुपुत्राने दासबोधाच्या अकराव्या दशकात देव चार प्रकारे सांगितला: प्रतिमा, अवतार, अंतरात्मा आणि निर्विकारी परब्रह्म. प्रतिमा ही पहिली पायरी. तिथेच बसून राहावं, असा त्या विवेचनाचा रोख नाही.

म्हणून माझा सिद्धांत असा: वस्तूला स्वतःची शक्ती नसते, पण माणसं तिला जे महत्त्व देतात ते खरं असतं. मूर्तींसाठी जांबच्या माणसांच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरंच होतं. ‘नुसता धातू तर होता’ म्हणणाराही म्हणूनच चुकतो. टॅरोचं चित्र समोर ठेवून कोणी स्वतःच्या मनाशी बोलत असेल तर त्यालाही माझा विरोध नाही. विरोध आहे तो कॅटची ऊर्जा बिघडली म्हणून शुद्धीकरणाचे पैसे मागणाऱ्याला, आणि पत्त्यांवर ढकलून लग्नाचा, नोकरीचा, उपचाराचा निर्णय टाळणाऱ्याला. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही श्रद्धेच्या वाटेला जात नाही, तो फसवणूक आणि दहशत यांवर बोट ठेवतो. नेमका फरक तोच आहे.

महत्त्व आपण दिलेलं असेल तर राखणही आपणच करायची. देव स्वतःला सांभाळून घेईल असं धरून चालणाऱ्या गावाचा गाभारा उघडा पडतो. प्रत्येक गावाने आपल्या जुन्या मूर्तींची छायाचित्रं, मापं आणि वजनं लिहून ठेवावीत, शंभर वर्षांवरच्या मूर्तींची 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली नोंद करून घ्यावी, कुलूप आणि राखण्याची सोय करावी. यात श्रद्धा कुठेच कमी होत नाही. चोरी गेलेली मूर्ती आपलीच, हे पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे सिद्ध करायची वेळ आली, तर तीच नोंदवही कामाला येईल.