प्रमाणपत्रांची पडताळणी आणि नकाराचे मोल

सरकारी कचेरीत अर्जासोबत दाखल्याची नक्कल जोडावयाची, तर तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही व गोल शिक्का असावा लागे, अशी रीत भारतात कित्येक वर्षे चालत आली होती. नक्कल स्वीकारणाऱ्या कारकुनाने तीन गोष्टी पाहावयाच्या: सही अधिकारी व्यक्तीची आहे काय, दाखला अर्जदाराच्याच नावाचा आहे काय, आणि त्याची मुदत टळलेली नाही ना. आता समजा, हा कारकून कागदाकडे न पाहताच प्रत्येक अर्ज पुढे सरकवू लागला. बाहेरून पाहणाऱ्यास कचेरीचा कारभार पूर्वीपेक्षा सुरळीत चाललेला दिसेल. कोणाचाही अर्ज परत येणार नाही आणि कोणी तक्रारही करणार नाही. संगणकाच्या क्षेत्रात नेमका असाच प्रकार एकदा नव्हे, अनेकदा घडून गेला आहे. आणि त्यापासून घ्यावयाचा धडा अद्याप पुरता घेतला गेलेला नाही.

मोबाइल फोनमधील एखादे ॲप बँकेच्या सर्व्हरशी बोलू लागते, तेव्हा त्या संभाषणास सांकेतिक लिपीचे आवरण घातलेले असते. परंतु आवरण कितीही भक्कम असले, तरी पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसेल तर ते व्यर्थ होय. चोराशीच गुप्त भाषेत बोलल्याने गुपित सुरक्षित राहत नाही. म्हणून सर्व्हर आरंभीच आपले प्रमाणपत्र सादर करतो. त्यावर प्रमाणन संस्थेची अंकीय सही असते, आणि विश्वासपात्र संस्थांची यादी फोनमध्ये आधीच ठेवलेली असते. सही, नाव व मुदत या तिन्ही गोष्टी ॲपने पडताळून पाहावयाच्या. सार्वजनिक वाय-फायच्या जाळ्यात शिरून स्वतःच बँक असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यास अडविणारी मुख्य चौकी हीच.

ॲप लिहिणारा प्रोग्रामर ही चौकी सहसा स्वतः बांधीत नाही. तो इतरांनी रचलेला तयार संच आणून आपल्या कामात जोडतो. आयफोनच्या ॲपसाठी ‘एएफनेटवर्किंग’ नावाचा असा एक संच फार लोकप्रिय होता. २०१५ च्या आरंभी त्याची २.५.१ ही आवृत्ती निघाली, आणि तीत एका अटीची मांडणी चुकली. काही ॲप ‘पिनिंग’ नावाची जादा कडक व्यवस्था स्वीकारतात. तीत ठरावीक प्रमाणपत्राखेरीज दुसरे कोणतेही चालत नाही. चुकलेल्या अटीचा परिणाम असा झाला की, ज्यांनी ही जादा व्यवस्था मागितली होती त्यांच्याच बाबतीत प्रमाणपत्राची तपासणी होई. ज्यांनी ती मागितली नव्हती, म्हणजे ज्यांची सर्व भिस्त साध्या तपासणीवर होती, त्यांची साधी तपासणीही बंद पडली. भामट्याने घरच्या घरी तयार केलेले प्रमाणपत्रदेखील अशा ॲपला ग्राह्य वाटे.

मार्च २०१५ मध्ये २.५.२ ही दुरुस्त आवृत्ती आली. तथापि सोर्सडीएनए या संस्थेने ॲपची छाननी केली, तेव्हा सुमारे एक हजार ॲपमध्ये जुना दोष आढळला. लवकरच दुसरी गोष्ट उजेडात आली. नव्या आवृत्तीत सही तपासली जात होती; पण पिनिंग नसल्यास प्रमाणपत्रावरील नाव आणि सर्व्हरचे नाव जुळते की नाही, हे आपोआप पाहिले जात नव्हते. स्वतःच्या मालकीच्या संकेतस्थळासाठी खरे प्रमाणपत्र कोणासही मिळू शकते. ते घेऊन तो बँकेच्या जागी उभा राहिला, तरी ॲपची हरकत नसे. दुसऱ्याच्या नावाचा अस्सल दाखला दाखवून कचेरीत प्रवेश मिळावा, तसेच हे. या दुसऱ्या दोषाच्या छायेत सुमारे पंचवीस हजार ॲप असल्याचा सोर्सडीएनएचा अंदाज होता. एप्रिल २०१५ मधील २.५.३ या आवृत्तीपासून नावाची तपासणी आपोआप होऊ लागली.

अशा वेळी दोन स्पष्टीकरणे तत्काळ पुढे केली जातात. पहिले असे की, फुकट मिळणाऱ्या आणि हौशी लोकांनी चालविलेल्या संचाकडून दुसरी अपेक्षाच करता येत नाही. हे म्हणणे टिकत नाही. ॲपल ही जगातील अत्यंत धनाढ्य कंपन्यांपैकी एक. तिच्या स्वतःच्याच आज्ञावलीत एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली, आणि दुसऱ्या ओळीमुळे सर्व्हरच्या सहीची तपासणी वगळून थेट ‘दोष नाही’ हा निकाल बाहेर पडू लागला. ती चूक फेब्रुवारी २०१४ मध्ये दुरुस्त झाली. तोपर्यंत ती सुमारे दीड वर्ष वापरात होती. पगार दिल्याने डोळे अधिक उघडे राहतात, असे यावरून तरी सिद्ध होत नाही.

दुसरे स्पष्टीकरण म्हणजे प्रोग्रामरचा निष्काळजीपणा. तेही अपुरे आहे. स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतील संशोधकांनी २०१२ मध्ये या विषयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘कर्ल’ या विख्यात संचात नावाच्या तपासणीसाठी ०, १ व २ असे तीन अंक ठेवले होते. पूर्ण तपासणी २ या अंकाने होई, आणि मुळात तोच अंक आपोआप लागू असे. परंतु ‘तपासणी करा’ असे स्पष्ट सांगावे, या सद्हेतूने अनेक प्रोग्रामर तेथे ‘होय’ असे लिहीत. संगणकाच्या हिशेबी ‘होय’ म्हणजे १. आणि १ या अंकाने नाव जुळते की नाही हे पाहिलेच जात नसे. काळजी घेणाराच येथे फसला. दोष त्याच्या काळजीत नव्हता. ज्या पाटीवर ‘होय’ या शब्दाचा अर्थ ‘अर्धवट’ असा होतो, त्या पाटीत होता. पुढे कर्लच्या कर्त्यांनी १ हा अंक स्वीकारणेच बंद केले, हे योग्यच झाले.

मूळ कारण निराळे आहे. आज्ञावलीची परीक्षा बहुधा एकाच अंगाने घेतली जाते: खरा सर्व्हर, खरे प्रमाणपत्र, आणि काम झाले की नाही एवढे पाहावयाचे. झोपलेला पहारेकरी या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. बनावट सहीचे, परक्या नावाचे आणि मुदत टळलेले, अशी तीन प्रमाणपत्रे मुद्दाम पुढे करून ती नाकारली जातात काय, हे प्रत्येक आवृत्तीच्या वेळी पाहिलेच पाहिजे. तसेच कडक तपासणी ही मागावी लागता कामा नये. ती आपोआप असावी, आणि सैल करावयाची असल्यास त्यासाठीच खटपट करावी लागावी.

यावर व्यवहारी आक्षेप असा की, कडकपणामुळे काम अडते. एखाद्या संस्थेने प्रमाणपत्राची मुदत वाढविण्यास विसरावे, आणि लाखो ग्राहकांचा खोळंबा व्हावा, असे घडतेही. आक्षेप खोटा नाही. परंतु अडलेले काम सर्वांना दिसते, आणि म्हणूनच ते लवकर दुरुस्त होते. चुकीने दिलेली परवानगी कोणासही दिसत नाही. ती महिनोन्महिने तशीच राहते. दिसणारी अडचण आणि न दिसणारी चोरी यांतून निवड करावयाची, तर शहाण्याने पहिलीच पत्करावी.

शिवाय या बाबतीत सामान्य माणसाच्या हाती फारसे काही नाही. ब्राउझरमध्ये निदान संकेतस्थळाचे नाव तरी वाचता येते व धोक्याची सूचना मिळते. ॲपच्या पोटात काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून भारतात भाजीचे पैसेही फोनवरून दिले जाऊ लागले आहेत. अशा ग्राहकास ‘सावध राहा’ असा उपदेश करणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. ती जबाबदारी संच रचणाऱ्यांची, ॲप काढणाऱ्या संस्थांची आणि सरकारी पैशाने ॲप करवून घेणाऱ्या खात्यांची आहे. दुरुस्त आवृत्ती निघाली म्हणजे काम संपत नाही. ती जोडून ॲप पुन्हा तयार व्हावे लागते. म्हणून ॲप स्वीकारताना बनावट प्रमाणपत्रांची परीक्षा आणि जोडलेल्या संचांची यादी, या दोन गोष्टी प्रत्येक खात्याने करारातच लिहून घ्याव्यात. त्यास फार खर्च येत नाही. नकार मिळतो की नाही, हे पाहण्याची इच्छा मात्र लागते.