पगार थकला, तर करार कसला?

मैत्रिणींनो, ‘आपल्या पानावर फुटबॉल कशाला?’ असं वाटेल तुम्हाला. पण मला बोलायचंय ते पगाराबद्दल. महिनाभर राबून पहिली तारीख कोरडी गेली की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

शेजारच्या हैदराबादचंच बघा. हैदराबाद एफसी हा संघ २० मार्च २०२२ रोजी गोव्यात, फातोर्डाच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा विजेता ठरला. केवढा जल्लोष झाला! आणि २०२३-२४ च्या हंगामात त्याच संघात खेळाडूंचे पगार थकले. बहुतेक परदेशी आणि कित्येक भारतीय खेळाडू हंगाम अर्ध्यावर असतानाच निघून गेले. उरलेली तरुण पोरं जीव तोडून खेळली, पण संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला.

अशा वेळी ‘पैशासाठी संघाला वाऱ्यावर सोडलं’ असं म्हणणारे हमखास भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, तसा करारही एकट्याने पाळता येत नाही. ज्याने पगार थांबवला, त्याने करार आधीच मोडला. खेळाडू नंतर फक्त तसं कागदावर लिहून देतो.

फुटबॉलची जागतिक संघटना ‘फिफा’ हिने जून २०१८ पासून हे नियमातच घातलं आहे. क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची आणि किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत, तर त्याला करार संपवता येतो. एवढंच नाही, तर करारातल्या उरलेल्या काळाची भरपाईही मागता येते. दुसरीकडे काम मिळालं, तर तिथला पगार त्यातून वजा होतो. क्लबने निकालानंतरही पैसे दिले नाहीत, तर त्याला नवे खेळाडू घेण्याची बंदी होऊ शकते.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते पत्र. नुसती कुरकुर करून, तोंडी आठवण देऊन भागत नाही. तारीख घालून लिहावं लागतं. आणि त्या पंधरा दिवसांत क्लबलाही चूक सुधारायची संधी मिळते. संस्था खरोखरच अडचणीत असेल, तर बसून नवी तारीख ठरवावी, पण तीही लेखीच.

मोठमोठ्या खेळाडूंना कसली आलीय पैशाची चिंता, असं म्हणू नका हं. खेळाडूंची जागतिक संघटना ‘फिफप्रो’ हिने २०१६ मध्ये सुमारे १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ४१ टक्क्यांना आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. टीव्हीवर दिसणारे कोट्यधीश मूठभर. बाकीच्यांनाही घरभाडं, मुलांची फी चुकत नाही.

आणि बाईमाणूस असेल तर? आइसलंडची सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर फ्रान्सच्या ल्यों क्लबकडून खेळायची. गरोदरपणात तिला पूर्ण पगार मिळाला नाही. ती गप्प बसली नाही. संघटनेची मदत घेऊन तिने दाद मागितली आणि २०२२ मध्ये फिफाच्या न्यायाधिकरणाने क्लबला ८२ हजार युरोंहून जास्त थकबाकी द्यायला लावली.

माझ्या ओळखीत बालवाडीत शिकवणाऱ्या, दुकानात हिशेब ठेवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. चार-चार महिने पगार नाही, तरी ‘मागायचं कसं? त्यांनी वेळेला काम दिलं ना,’ म्हणून गप्प राहतात. फिफाचा नियम आपल्याला लागू नाही, हे खरं. पण आपल्याकडेही २०१९ च्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा, असं लिहिलेलं आहे. काम सोडायचं की नाही, ते ज्याची त्याने घर बघून ठरवावं. पण दोन महिने उलटले की निदान एक अर्ज लिहा, त्यावर पोच घ्या आणि प्रत जपून ठेवा. एकटीला भीती वाटत असेल, तर चौघी मिळून सह्या करा. आपलेच पैसे मागताना मान खाली घालायची काय गरज?