हाताजोगी मूठ

दिवाळी जवळ आली की आमच्या कात्रजच्या बिऱ्हाडात भाजणीचा खमंग वास सुटतो आणि मातोश्रींचा सोऱ्या माळ्यावरून खाली उतरतो. गेल्या वर्षी तो उतरला नाही. श्रावणात मातोश्रींना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा तर पूर्वीपेक्षाही मोकळी झाली. पण उजव्या हाताची मूठ पुरती वळेना. भात आमच्या सौभाग्यवतींनी भरवायचा. "ज्या हातानं घराला वाढलं, त्याला घास उचलेना," एवढेच त्या एकदा म्हणाल्या. त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही.

आम्ही पडलो प्राध्यापक! मोठ्या ऐटीत परदेशी बनावटीची स्प्लिंट आणली. पगाराला चांगलाच चिमटा बसला. तिसऱ्या दिवशी ती कपाटात, चांदीच्या भांड्यांशेजारी! "अरे, घाम येतो, अंगठ्याशी टोचते. आणि एवढी महागाची वस्तू आमटीत बुडाली तर?"

फिजिओथेरपिस्ट मुलीने हसून विचारले, "काका, आजींचा हात मोजला होतात का?" आम्ही मोजली होती ती फक्त किंमत!

तिने कणकेचा गोळा मातोश्रींच्या हाती दिला. बोटे जेवढी वळली, तेवढा ठसा उमटला. तेच माप! चमच्याच्या दांड्याला स्पंज, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी आणि वर सायकलची फुकट मिळालेली ट्यूब. पुरती न मिटणारी बोटेही जाड मूठ धरू शकतात आणि रबर निसटत नाही. मनगट वळत नव्हते, म्हणून चमचाच थोडा वाकवला. शेवटी ताकीद दिली, "काढल्यावर वीस मिनिटांत लाली गेली नाही, तर हात नव्हे, साधन चुकलं."

ही विद्या आमच्या शेजारची. जवळच्या कोंढव्याला डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. जाल मेहता यांनी वाकलेल्या बोटांसाठी वर्षानुवर्षे काम केले. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते, की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमा त्यांचा नाश करतात. चहाचा तापलेला पेला बधिर हाताला कळत नाही. म्हणून अशा हातासाठी लाकडी मूठ, जाड कड आणि रोजची नजर. आमच्या मातोश्री टोचल्याची तक्रार तरी करू शकल्या. बधिर हात तेवढेही बोलत नाही. साधन करणाऱ्याने त्याच्या वतीने बोलायचे असते.

वाचकहो, घरातल्या कुणासाठी असे काही आणाल, तेव्हा आधी त्या हाताला विचारा, मग दुकानदाराला.

यंदा सोऱ्या खाली उतरला आहे. त्याच्या मुठीलाही ट्यूब गुंडाळली आहे. चकल्या जरा वाकड्या पडतात. मातोश्री म्हणतात, "सरळ चकली कुणी पाहिली आहे का रे?"