सत्काराची शाल नको, बसायला खुर्ची द्या

गेल्या जूनमध्ये आमच्या गावातल्या एका सेवाभावी क्लबचे दोन पदाधिकारी शाळेच्या स्टाफरूममध्ये आले. हातात सभासदत्वाचा फॉर्म होता. "मॅडम, तुम्ही आमच्या क्लबमध्ये या. तुमच्या समाजाचं आमच्याकडे कुणीच नाही. आणि तीस जूनच्या आत दोन नावं द्यायचीत, वरून टार्गेट आहे."

माणसं चांगली होती. गावात असे तीन-चार क्लब आहेत, त्यांतला हा कोणता हे सांगायची गरज नाही. मी चहा मागवला, फॉर्म ठेवून घेतला आणि विचारलं, "माझ्याआधी आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या भाईंना का नाही विचारलंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हसून म्हणाले, "अहो, त्यांचा तर आपण सत्कार केलाय!"

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहावा लागतो आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, तेव्हा आमचं गावही त्यात होतं. नावा कमी पडल्या. या भाईंनी गॅरेजमधल्या ट्रकच्या ट्यूबांमध्ये हवा भरली, त्यांवर फळ्या बांधल्या आणि चार पोरांना घेऊन नदीकडच्या गल्ल्यांतून म्हातारी माणसं बाहेर काढली. कोण कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं हे विचारायला तेव्हा कुणाला सवड होती? पाणी ओसरल्यावर तीच पोरं फावडी घेऊन आमच्या शाळेतला चिखल उपसत होती. क्लबनेही काम केलं, हे मी नाकारत नाही. औषधं आली, चादरी आल्या. पुढे हिवाळ्यात क्लबने भाईंना बोलावून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह दिलं. पेपरात फोटो आला. ते चिन्ह आजही गॅरेजच्या फळीवर ग्रीसच्या डब्याशेजारी आहे. त्यानंतर क्लबमधून त्यांना एकही फोन गेलेला नाही. गाडीच्या कामासाठी गेला असेल तेवढाच.

सत्कार आणि सभासदत्व यांत फरक आहे. सत्कार त्याच संध्याकाळी संपतो. सभासद मात्र पुढच्या बैठकीला येऊन बसतो. तो हिशोब विचारतो. "हे नको, ते करू" म्हणतो. मत देतो, उद्या अध्यक्षही होऊ शकतो. ज्याचा सत्कार होतो त्याच्याकडून फक्त हात जोडून आभार मानण्याची अपेक्षा असते. आमच्या गावात काम करणाऱ्यांना शाल मिळते आणि वर्गणी भरणाऱ्यांना खुर्ची मिळते. माझी तक्रार एवढीच आहे.

"त्यानं असा काय फरक पडतो?" असं विचाराल, तर शाळेतलाच दाखला देते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, कमी पडेल तेव्हा उर्दूचे तासही घेते. एका वर्षी क्लबने आमच्या मुलांना वह्या वाटल्या. वह्या चांगल्या, कागद जाड. कव्हरवर अध्यक्षांचा हसरा फोटो. पण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून उर्दूच्या वहीची शिवण आणि समास उजव्या हाताला लागतो. या वह्या मराठीच्या पद्धतीच्या होत्या. मुलांनी काय केलं? सरळ वही उलटी धरली. शिवण आपोआप उजवीकडे आली आणि समासही. फक्त अध्यक्षसाहेब वर्षभर खाली डोकं वर पाय राहिले! आम्ही खूप हसलो. पण त्या क्लबमध्ये एखादी उर्दू शाळेची बाई असती, नाहीतर उर्दू शाळेत शिकलेला एखादा बेकरीवाला असता, तर ही चूक दोन मिनिटांत टळली असती.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. एकदा रक्तदान शिबिर आमच्याच मोहल्ल्यात घेतलं गेलं, रमजानमध्ये, भर दुपारी. रोज्याच्या दिवशी उपाशी आणि तहानलेल्या माणसानं रक्त कसं द्यायचं? डॉक्टरही त्याला नकोच म्हणतील. शिबिर ओस पडलं. मग पुढचे कित्येक महिने ऐकायला मिळालं, "तुमच्या भागातून प्रतिसाद कमी असतो." तारीख ठरवताना खोलीत आमचं कुणी नव्हतं. ठपका मात्र आमच्या नावावर जमा झाला.

हे क्लब मुळात कसे सुरू झाले हे आठवून बघा. रोटरीची पहिली बैठक शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी झाली. चार जण जमले होते. पॉल हॅरिस वकील, बाकी तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक कपडे शिवणारा. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या कामाच्या जागी भरायची, म्हणून तर नाव पडलं रोटरी. या क्लबनं समाजासाठी अगदी सुरुवातीला हाती घेतलेल्या कामांतलं एक होतं शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून केलेली खटपट. साल १९०७. म्हणजे एका शिंप्याला आणि एका कोळसेवाल्याला बरोबरीनं बसवून, लोकांची रोजची अडचण ओळखून हे काम उभं राहिलं. आज आमच्या गावातला शिंपी यांतल्या एखाद्या क्लबच्या दारात उभा राहिला, तर त्याला आधी विचारतील, "कुणाचं माप घ्यायचंय?"

बायकांच्या बाबतीतही हेच झालं होतं. कित्येक दशकं या क्लबांत बायकांना सभासद करून घेत नव्हते. त्या होत्या त्या सभासदांच्या पत्नी म्हणून. कार्यक्रमाची मांडणी त्यांनी करायची, व्यासपीठ यांचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये निकाल दिला, तेव्हा कुठे ते दार उघडलं. तेव्हाही म्हणणारे होतेच, "बायकांना इथं मोकळं वाटणार नाही." भाईंबद्दल त्या दिवशी दुसरे पदाधिकारी मला नेमकं हेच म्हणाले, "मॅडम, त्यांना आपल्यात अवघडल्यासारखं होईल." कुणाला अवघडल्यासारखं होईल, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता पोलिओचं उदाहरण घ्या. या क्लबांच्या कामातलं ते सगळ्यात मोठं काम, आणि ते त्यांनी अभिमानानं सांगावं असंच आहे. रोटरीनं १९८५ मध्ये जगभर ही मोहीम उचलली. भारतात सरकार, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना असे सगळे त्यात होते. पण पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत घरांची दारं बंद व्हायची. थेंब पाजले की मुलं पुढे नापीक होतात, अशी अफवा होती. बाहेरची माणसं येऊन समजावत होती, लोक ऐकत नव्हते. मग काय केलं? उलेमांना सोबत घेतलं. मशिदीतून आवाहन झालं. अलीगढ आणि जामिया मिल्लिया या विद्यापीठांची मदत घेतली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या-त्या वस्तीतल्याच बायकांना काम दिलं. त्या रोज दारोदार फिरल्या, शेजारीण म्हणून बोलल्या. देशातली शेवटची पोलिओची केस १३ जानेवारी २०११ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची. २७ मार्च २०१४ रोजी आपला सगळा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. जी दारं लसीच्या पेटीला उघडली नाहीत, ती शेजारणीला उघडली. दिल्लीपासून अलीगढपर्यंत जे जमलं, ते आमच्या तालुक्याच्या गावात का जमू नये?

यावर मला मिळणारी उत्तरं पाठ झाली आहेत. पहिलं, "फी परवडणार नाही त्यांना." खरं आहे. मला सांगितलेली वार्षिक वर्गणी माझ्या पगाराला जड नाही, पण भाईंच्या महिनाभराच्या घरभाड्यापेक्षा ती जास्त आहे. मात्र त्यातला बराच भाग हॉटेलातल्या जेवणाचा आहे. बैठक आमच्या शाळेत घ्या, चहा-बिस्किटावर घ्या, बघा वर्गणी किती उतरते ते. वरच्या संस्थेला जे पैसे द्यावेच लागतात ते हप्त्यानं घ्या. नियम आड येतात असंही नाही. रोटरीनं तर २०१६ मध्येच बैठका कशा घ्यायच्या आणि सभासद कसे करायचे, याची बरीच मोकळीक आपल्या क्लबांना दिली आहे.

दुसरं उत्तर, "तुमचेच लोक येत नाहीत." हेही अर्धं खरं. पण बोलावणं येतं कशाचं? ईद मिलनाला टोपी घालून पहिल्या रांगेत बसायचं. नाहीतर रात्री साडेनऊला, पेले किणकिणत असलेल्या हॉलमध्ये. तिथं आमचा माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा कशाला येईल? त्याला काम द्या. पूर येण्याआधी मे महिन्यात बोलवा आणि विचारा, ट्यूबा किती लागतील, दोर कुठे ठेवायचे, कुठल्या गल्लीत चालता न येणारं कोण आहे. हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. प्रांतपालांच्या भेटीच्या अहवालात हे सापडायचं नाही.

इथपर्यंत वाचून आमचे काही भाऊ खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावं, आता आपल्या घराकडे वळते.

खिदमत हा शब्द आपल्या प्रत्येक बयानात असतो. पण आपल्या जमातीचे, ट्रस्टचे, अंजुमनचे सभासद कोण आहेत ते मोजा. वीस-वीस वर्षं तेच चेहरे. वडील गेले की मुलगा. रमजानमध्ये रेशनची किट बांधायला पोरं रात्रभर जागतात, त्यांतल्या कितींना सर्वसाधारण सभेची नोटीस जाते? मी आमच्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टच्या हॉलमध्ये बारा वर्षं दहावीच्या मुलींचे फुकट वर्ग घेतले. माझाही सत्कार झाला, शाल मलाही मिळाली. सभासदत्वाचं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "बाजी, आपल्यात बायका कमिटीवर नसतात." मी ट्रस्टची घटना मागून वाचली. बाईनं सभासद होऊ नये असं तिच्यात एका ओळीतही लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही तरी पाळलं जातं. मग क्लबवाल्यांना कोणत्या तोंडानं बोलायचं? त्यांनी मोहल्ल्याला दाराबाहेर ठेवलं, आपण आपल्या बायकांना आणि कामकरी पोरांना ठेवलं. किटसोबत विधवेचा फोटो काढायची हौस तर दोन्हीकडे सारखीच. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं लहानपणी शिकलो. आता ते सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांना कळतं.

आणि जे म्हणतात, "त्यांच्यात जायचंच कशाला, आपलं आपण करू," त्यांना एवढंच विचारते. कृष्णेचं पाणी आपल्या गल्लीत वेगळं येतं का? गावाच्या शाळांना काय मिळणार, शिबिर कधी होणार, पुराची तयारी काय असणार हे ठरतं त्या खोलीत आपण नसलो, तर वह्या उलट्याच धराव्या लागणार.

क्लबवाल्यांकडे माझं मागणं मोठं नाही. नवा सभासद शोधताना ओळखीच्या डॉक्टर-बिल्डरांची यादी बाजूला ठेवा आणि मागच्या तीन वर्षांत गावात खरोखर कोण राबलं त्याची यादी करा. आधी सहा महिने सोबत काम करा, मग फॉर्म द्या. टार्गेटसाठी आणलेला माणूस पदग्रहण समारंभात जेवतो आणि पुढच्या जूनमध्ये गळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझा फॉर्म अजून पर्समध्ये आहे. तीस जून गेला, त्यांनी दुसरी दोन नावं दिली असतील. पण मी तो फाडलेला नाही. परवा भाईंच्या गॅरेजवर गेले होते. स्कूटीचं काम होईपर्यंत सगळी हकीकत सांगितली. ते हात पुसत म्हणाले, "बाजी, अपने को कौन लेता है वहाँ?" मी म्हटलं, "विचारून तर बघू. जाऊ तर दोघं जाऊ." क्लबच्या पुढच्या बैठकीला आम्ही दोघं न बोलावता जाणार आहोत. आणि त्यानंतरच्या जुम्म्याला मी दुसरा अर्ज घेऊन आमच्या ट्रस्टच्या ऑफिसात जाणार आहे. दोन्हीकडे काय होतं ते इथं लिहीनच.