कंपनीचा बिल्ला आणि कुणब्याचे पोर

मावळच्या कुणब्याच्या पोराला बड्या कंपनीची नोकरी इतकी का हवीशी वाटते, असा प्रश्न पुष्कळ शहाणे गृहस्थ नाक मुरडून विचारीत असतात. खंडाळ्याच्या थंड हवेत बंगला बांधून शनिवार-रविवारचे येणारे पाहुणे ओसरीवर चहा घेता घेता म्हणतात, 'काय हो ही मंडळी! घरची काळी आई सोडून दुसऱ्याची चाकरी करतात.' दुसरे शहाणे कंपनीच्या बाजूचे. ते म्हणतात, 'दरमहा पगार मिळतो, मग कुरकुर कशाची?' पहिल्यास कुणब्याची आवड समजत नाही आणि दुसऱ्यास त्याची नावड समजत नाही. दोघांपैकी एकानेही नांगराची मूठ धरलेली नाही की घाटातल्या रुळावर पहार मारलेली नाही. तेव्हा या दोघांस उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

प्रथम आवडीचे बोलू. शेतकऱ्याच्या घरी वर्षाची मिळकत कोणाच्या हाती असते? पावसाच्या, बाजारभावाच्या आणि सावकाराच्या. मावळात पाऊस उदंड पडतो, पण भाताचे वाफे वाहून गेले तर तोच पाऊस वैरी होतो. सावकाराची वही तर पावसाहूनही लहरी. १८७५ साली सुप्यापासून पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते काही गंमत म्हणून नव्हे. अशा घरातल्या बाईला महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम हातात पडते म्हणजे काय वाटत असेल, हे बंगल्यातल्या पाहुण्यास कसे कळावे? दुकानदाराची उधारी कधी फेडायची, पोराची फी कधी भरायची, हे तिला आधी सांगता येते. फंडात दोन पैसे पडतात. दुखण्याखुपण्यास दवाखाना असतो. रेल्वेत असला तर पास मिळतो. यालाच आळस म्हणावयाचे असेल तर तो आळस आमच्या घराघरांत येवो!

आणि बलुतेदारांचे तर याहून निराळे. गावच्या सुताराने, लोहाराने वर्षभर औते-फाळ दुरुस्त करावे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन पेंढ्यांसाठी हात पसरावा, ही रीत. धन्याने दिले तर दिले, नाही तर पुढच्या सालाचा वायदा. त्याच लोहाराचा मुलगा कारखान्यात फिटर झाला म्हणजे त्याला कामाचा रोख मोबदला मिळतो आणि खळ्यावर उभे राहावे लागत नाही. हातातली कला तीच, पण मान बदलला. गावात काम जन्मावरून ठरते, कारखान्यात ते कसबावरून ठरावे अशी निदान आशा तरी असते.

आशा म्हणण्याचे कारण आहे. कंपनीच्या फाटकात जात गळून पडते, असे कोणी म्हणेल तर ते खोटे होय. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य बंधूंस शिरू देत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाची सबब पुढे करीत. ज्या खात्यात पगार जास्त, तेथेच विटाळ आडवा येई. १९२८ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गिरणी-संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. ही आडकाठी मालकाने एकट्याने घातली नव्हती. साच्यावर शेजारी उभ्या असणाऱ्या आमच्याच स्पृश्य कामगारांनी ती राखली होती. भटशाहीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आपल्या घरातली ही भटशाही आधी झाडून काढावी.

आता नावडीकडे वळू. त्यासाठी खंडाळ्याहून लांब जाण्याचे कारण नाही. ज्या बोरघाटातून आगगाडी जाते, तो बांधला कोणी? ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी १८४९ साली विलायतेत स्थापन झाली. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण खाली खोपोलीपासून वर खंडाळ्यापर्यंत उतारूंस पालखीने, तट्टाने नाही तर पायी चढावे लागे. घाटाचे काम १८५६ पासून १८६३ पर्यंत चालले. पंधरा मैलांवर लांबीचा चढ, अठराशे फुटांवर उंची, पंचवीस बोगदे! ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर माणसे या डोंगरावर राबत होती. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कडा कोसळून हजारो मेली. कंत्राटदार फॅविएल याचे नाव इतिहासात आहे; त्याच्यामागून आलेला ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने कंत्राट पुरे केले, हेही लिहिलेले आहे. पण दोराने कड्यावर लोंबकळून ज्यांनी सुरुंगाची भोके पाडली, त्यांतल्या एकाचे तरी नाव कोणास ठाऊक आहे काय?

या कंपनीच्या भागीदारांस सरकारने शेकडा ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. फायदा होवो वा न होवो, तेवढे व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून मिळावयाचे; आणि तिजोरीत पैसा कोठून येई? शेतसाऱ्यातून! म्हणजे भाग घेणाऱ्यास हमी होती आणि पहार घेणाऱ्यास दिवसाच्या मजुरीचीही हमी नव्हती. १८५९ साली याच घाटात मजुरीच्या कज्ज्यावरून मजुरांनी दंगल केली आणि त्याच साली फॅविएलने कंत्राट सोडले. 'कुरकुर कशाची' म्हणून विचारणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा.

बड्या कंपनीतली दुसरी नावड अशी की मालक दिसत नाही. गावच्या पाटलाने अन्याय केला तर निदान त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येते. कंपनीत मात्र तक्रार मुकादमाकडे, मुकादमाची साहेबाकडे, साहेबाची मोठ्या कचेरीकडे, आणि मोठ्या कचेरीची साता समुद्रांपलीकडे. वाटेत ती कोठे बुडाली ते कळतच नाही. शिक्षा मात्र वरून खाली एका दिवसात पोहोचते.

तिसरी नावड मुकादमाच्या दस्तुरीची. नोकरी लावताना दस्तुरी, कायम करताना दस्तुरी, रजेस दस्तुरी. १९३१ साली सरकारच्या रॉयल लेबर कमिशनने आपल्या अहवालात भरती करणाऱ्या जॉबरांची ही लाचखोरी नमूद केली आहे. हा मुकादम बहुधा कोण असतो? आमच्याच गावचा, आमच्याच जातीचा, कधी कधी आमचाच सोयरा. भटजी मेल्यावर दक्षिणा घेतो, मुकादम जिवंतपणी घेतो, एवढाच काय तो फरक.

चौथी नावड पायरीची. १८९९ साली याच रेल्वेतल्या तारवाल्यांनी संप केला, तेव्हा पुण्याच्या पांढरपेशा पत्रांनी त्यांची बाजू घेतली, आणि ते योग्यच केले. पण लिहिता-वाचता येणाऱ्या तारवाल्याचे गाऱ्हाणे जितके लवकर छापखान्यात पोहोचते, तितके घाटातल्या गँगवाल्याचे पोहोचते काय? आषाढाच्या रात्री, धुक्यात, खांद्यावर हत्यारे आणि हातात बत्ती घेऊन दरड कोसळली की नाही हे पाहत जो रुळावरून चालतो, त्याच्या चालण्यावर हजारो उतारूंचा जीव असतो. उतारू मात्र खिडकीतून धबधबे पाहतात.

पाचवी नावड जमिनीची. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवते येथे पाणी अडविले, ते नळांतून खोपोलीस उतरविले आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविली. पाणी मावळचे, उजेड मुंबईस! पुढे मुळशीच्या धरणाचे वेळी १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. ज्या कंपनीने बापाचे शेत घेतले, तिच्याच फाटकावर मुलाने अर्ज घेऊन उभे राहावे, हा आमच्या भागातला नेहमीचा देखावा आहे.

आणि ही गोष्ट केवळ जुन्या काळची नाही. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आज एकाच फाटकातून दोन प्रकारची माणसे आत जातात. यंत्र एक, पाळी एक, घाम एक. पण एकाच्या गळ्यात कंपनीचा बिल्ला आणि दुसऱ्याच्या गळ्यात ठेकेदाराचा. पहिल्यास बोनस आणि बढती; दुसऱ्यास 'उद्यापासून येऊ नको' एवढे एक वाक्य. कायम असलेल्यांचे तरी काय? जनरल मोटर्स कंपनीने २००८ साली तळेगावास कारखाना सुरू केला. २०१७ सालच्या अखेरीस तिने या देशात मोटारी विकणे थांबविले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. २०२३ साली तो कारखाना ह्युंदाई कंपनीस देण्याचा करार झाला. यंत्रांस नवा धनी मिळाला. हजाराहून अधिक कामगार मात्र आपल्या हक्कासाठी भांडत राहिले. रेल्वेतही १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. म्हणजे मिळालेले तेही जाऊ शकते.

तर मग या आवडी-नावडीचा अर्थ काय? आम्ही स्पष्ट सांगतो. कुणब्याच्या पोराला कंपनी आवडत नाही, त्याला नेम आवडतो. पगाराचा दिवस, कामाचे तास, रजेचा हिशेब, फंडाचा आकडा हे जेथे नेमाने चालते तेथे त्याची आवड आहे. जेथे नेम संपून कोणाची तरी मर्जी सुरू होते, मग ती साहेबाची असो, मुकादमाची असो वा ठेकेदाराची असो, तेथे त्याची नावड आहे. जन्मभर पावसाच्या, सावकाराच्या आणि पंचांगाच्या मर्जीवर जगलेल्या माणसाला मर्जीचा वीट येणे हे शहाणपणाचे लक्षण होय.

परंतु हा नेम कंपनीने दया येऊन दिला, असे कोणी समजू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी पूर्वी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली होती. सत्यशोधकांचे 'दीनबंधु' चालविणाऱ्या या पुरुषाने १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली, हजारो सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, आणि १८९० साली गिरण्यांत रविवारची सुटी मिळविली. आज रविवारी खंडाळ्यास हवा खाण्यास येणारे किती पाहुणे या माळी पुढाऱ्याचे नाव जाणतात? पुढे १९२३ साली अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला, १९२६ साली कामगार संघांचा झाला. १९३० साली जीआयपी रेल्वेच्या कामगारांनी मोठा संप केला आणि त्यापायी कित्येकांनी भाकरी गमावली. १९३६ च्या कायद्याने पगार ठरल्या मुदतीत देणे मालकांस बंधनकारक झाले: हजाराच्या आत माणसे असतील तर महिना संपल्यापासून सात दिवसांत, अधिक असतील तर दहा दिवसांत. ज्या तारखेसाठी आमची घरे कंपनीचे उपकार मानतात, ती तारीख कामगारांनी झगडून मिळविलेली आहे.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधूंनो आणि भगिनींनो, कंपनीला देव्हाऱ्यात बसवू नका आणि तिच्या नावाने बोटेही मोडीत बसू नका. नोकरी लागावी म्हणून राहिलेली एकर-दोन एकर विकून दलालाच्या घशात घालू नका. पैसे घेऊन लावलेली नोकरी पैसे देणाऱ्या दुसऱ्यासाठी जाते. नोकरी लागली म्हणून कर्ज काढून सत्यनारायण घालू नका. त्याच पैशात मुलीला शिकवा. यंत्राला खंडेनवमीस हळदकुंकू वाहता, पण त्याच यंत्रावर ज्याचा हात गेला त्याची भरपाई मिळाली की नाही, हे विचारण्यास किती जण जाता?

कामावर लागताच नेमणुकीचा कागद मागा. दरमहा पगाराची चिठ्ठी मागा. फंडाचा नंबर आपल्या वहीत लिहून ठेवा आणि पैसे भरले जातात की नाही ते तपासा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, आणि स्वतःही शिका. न वाचता केलेल्या सहीने आमच्या बापजाद्यांची शेते गेली आहेत. आणि जे कायम आहेत त्यांस आमचे विशेष सांगणे आहे. ठेकेदाराच्या बिल्ल्याचा जो गडी तुमच्याशेजारी उभा आहे, त्याला आपल्या संघात घ्या. तुम्ही त्याला आज परका म्हणाल, तर उद्या कंपनी त्याच्याच मजुरीच्या दराने तुमची किंमत ठरवील. गावात जातीच्या उतरंडीने आम्हांस एकमेकांपासून तोडले. कारखान्यात बिल्ल्यांची नवी उतरंड आम्ही आपल्या हातांनी रचावी काय?

बोरघाट चढण्यास एक इंजिन पुरत नाही, मागून दुसरी इंजिने लावून गाडी रेटावी लागते. घाटातल्या पोरासोरांसही हे ठाऊक आहे. ते थोरांनीही ध्यानी धरावे, एवढेच आमचे मागणे आहे.