भाऊबंदकीला मतपेटी हवी

आमच्या सातारा-सांगलीकडे बांधावरून भांडणारे भाऊ तालुक्याच्या कोर्टात एकाच एस.टी.ने जातात, एकाच टपरीवर चहा पितात आणि गावात परतले की पुन्हा बोलेनासे होतात. राजकीय पक्षांतली भांडणेही साधारण याच जातीची असतात. विरोधकाशी माणूस निवडणुकीपुरता लढतो, स्वपक्षीयाशी मात्र जन्मभर.

२०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि दुसऱ्याच दिवशी शरद पवार कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आले. तेव्हा आमच्या भागातल्या जुन्या मंडळींना १९७८ चा जुलै आठवला. नातवंडांनी विचारले, "तेव्हा काय झालं होतं?" उत्तर द्यायचे तर वसंतदादा पाटलांची गोष्ट सांगावी लागते.

दादा पद्माळ्याचे. शाळा फारशी झाली नाही. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते निसटले, तेव्हा खांद्यात गोळी बसली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे साथी प्राणांस मुकले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. इंग्रजांच्या गोळीतून वाचलेल्या या माणसाला पुढे जे घाव बसले, ते बहुतेक स्वपक्षाकडूनच.

पहिला १९७६ चा. शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले आणि दादा राजकारणातून संन्यास घेऊन सांगलीला परतले. वर्षभरात लोकसभेला काँग्रेसचे पानिपत झाले आणि त्याच दादांना मुख्यमंत्री करणे भाग पडले. पुढे पक्ष फुटला. मार्च १९७८ मध्ये दोन्ही काँग्रेसचे संयुक्त सरकार आले, दादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. एका चुलीवर दोन भांडी, आणि दोन्हींना आधी उकळायची घाई! चार महिन्यांत शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलै रोजी अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग तेव्हापासून आमच्या पारावर कायमचा मुक्कामाला आला.

दादा १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९८५ च्या निवडणुकीत त्यांनी पक्षाला बहुमत मिळवून दिले. पण प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दिल्लीने केली, ती दादांना रुचली नाही, आणि जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. लोकांनी निवडलेल्या माणसाचे एका नेमणुकीपुढे चालले नाही.

घराजवळही हीच कथा. वारणेवरचे धरण खुजगावला की चांदोलीला, यावरून दादा आणि इस्लामपूरचे राजारामबापू पाटील यांच्यात वितुष्ट आले. एकाच पक्षातले, एकाच जिल्ह्यातले दोन कर्ते पुरुष. धरण चांदोलीला झाले, बापू जनता पक्षात गेले. दोघेही केव्हाच निघून गेले, पण 'दादा गट' आणि 'बापू गट' हे शब्द काही गेले नाहीत.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. खेड्यातल्या शाखेत असताना एक शेतकरी पीककर्जाची मुदत वाढवून मागायला आला. ऊस उभा होता, तुरे आले होते, वजन घटत चालले होते. "साहेब, टोळीच येईना. आम्ही पडलो दुसऱ्या गटाचे." माझ्या वहीत ती फक्त थकबाकी होती. तो नेमका कोणत्या गटाचा, हे लिहायला वहीत रकाना नव्हता. पुढाऱ्यांच्या भांडणाचे व्याज कोण भरतो, ते मला त्या दिवशी कळले.

पक्षांतर्गत चुरस वाईट असते, असे मात्र नाही. जर्मनीचे फ्रीडरिश मेर्त्स पाहा. २००२ मध्ये अँगेला मर्केल यांनी त्यांना संसदीय गटाच्या नेतेपदावरून दूर केले. २००९ मध्ये ते संसदेतून बाहेर पडले. पुढे परतले, पक्षाध्यक्षपदाच्या दोन निवडणुका हरले. तिसऱ्या वेळी, २०२१ च्या डिसेंबरात, सामान्य सभासदांच्या मतदानात जिंकले आणि ६ मे २०२५ रोजी चॅन्सलर झाले. तिथे सगळेच साधुसंत आहेत असे नव्हे. त्या दिवशी गुप्त मतदानाच्या पहिल्या फेरीत ३१६ मते हवी असताना त्यांना ३१० च मिळाली. आघाडीचे खासदार होते ३२८! खंजीर तिकडेही आहेत. पण हरलेल्या माणसाला मते मोजून हरवले होते, म्हणून पक्ष न फोडता पुन्हा उभे राहता आले.

आपल्याकडे हरलेल्याला हरल्याचा आकडाच कळत नाही. निरीक्षक येतो, बंद खोलीत चर्चा होते आणि नाव दिल्लीहून येते. मग ते भांडण कारखान्याच्या निवडणुकीत, जिल्हा बँकेत, सोसायटीत आणि शेवटी उसाच्या फडात जाऊन उतरते. २०२४ मध्ये दादांचे नातू विशाल पाटील यांना सांगलीची उमेदवारी नाकारली गेली, कारण आघाडीत जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. ते अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि मग काँग्रेसलाच पाठिंबा दिला. पक्षाने घरात जो प्रश्न विचारायला हवा होता, तो मतदारांनी बाहेर सोडवला. मात्र प्रत्येक वेळी मतदारांवर ही वेळ यावी का?

नातवंडांना मी एवढेच सांगतो, की माणसे खंजीर उपसतात तेव्हा त्यांच्या स्वभावाला दोष द्याच, पण त्यांच्या घरात मतपेटी होती का, हेही विचारा. त्या शेतकऱ्याचा ऊस शेवटी तुटला, हंगाम संपता संपता. कर्ज फिटायला मात्र तीन वर्षे लागली.